रुख्मिणी आणि भारी स्टिअरिंग

नवी गाडी बघायला गेलेली माणसे आधी गाडीभोवती फेरी मारतात. टायरला पायाने ढोसतात, बॉनेटवर हात फिरवतात, मग जरा दूर जाऊन मान कलती करून बघतात. रुख्मिणी बिसेन यातले काही करत नाही. ती सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढते, दार लावून घेते आणि समोर बघत बसून राहते. शोरूमचा माणूस बोलायला लागला की त्याला हाताने थांबवते.

"मले आधी बसू द्या जी. मंग सांगजा तुमचं."

गेल्या वर्षीच्या माघात तिने अशा तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही डिझेलच्या आणि उंच, शहरात ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या जातीच्या. तिन्ही वेळा मागच्या सीटवर मी होते. मला गाड्यांतले काही कळत नाही. मला नेले होते ते माझ्या गुडघ्यांसाठी.

"सासूबाई शोरूममधी यायले तयार नाही," रुख्मिणी मला म्हणाली होती. "त्यायचे गुडघे आनं तुमचे गुडघे एकसारखे. तुमी मांगं बसा, मावशी, आनं खरंखरं सांगा. घरचे लोक खरं सांगत नाही."

त्या दिवसांची डायरी समोर ठेवूनच हे लिहिते आहे. नाहीतर माझ्या वयाला तिन्ही गाड्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या.

रुख्मिणी दवनीवाड्याची सून. माझे यजमान रेल्वेत होते, ते हयात असल्यापासून ती गोंदियात आमच्या दारी तांदूळ घेऊन येते. सुरुवातीला घरच्या शेतातला चिन्नोर तेवढा आणायची. मग शेजारणींचा आणू लागली. मग सालेकसा-देवरीकडच्या गावांत फिरून जुन्या वाणांचा सुवासिक तांदूळ गोळा करू लागली, जो बाया घरच्यापुरता लावतात आणि व्यापाऱ्याला देत नाहीत. तिला देतात. ती ओसरीवर बसते, मूठभर दाणे तोंडाजवळ धरून फुंकर मारते, वास घेते, एखादा दाणा दातांखाली फोडते, आणि मधेच घरातल्या पोरीच्या लग्नाचे काय झाले तेही विचारते. यात वेळ जातो. पण तिचा धंदा म्हणजे हा वेळच आहे.

या सगळ्या फिरण्याला घरची जुनी डिझेल जीप होती. नवरा उमेंद्र शेती बघतो आणि सायकलीखेरीज काही चालवत नाही. जीप शिकवली सासऱ्यांनी. छोटेलालजी त्यांचे नाव. इकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींनी सुनेला धानाच्या बांधीतल्या रस्त्यावर जीप चालवायला बसवले तेव्हा दवनीवाड्यात बरेच दिवस तोच विषय होता. "ट्रॅक्टर नाही शिकवला, हे काय कमी हाय का?" असे ते विचारणाऱ्याला सांगत. रुख्मिणी म्हणते, ट्रॅक्टर सोपा पडला असता. जीपचे स्टिअरिंग असे होते की उभ्या जागी चाक वळवायचे तर दोन्ही हात पुरत नसत, कंबर लावावी लागे.

दिवाळीनंतर ती पोत्यांच्या थप्पीवरून घसरली आणि उजव्या खांद्याचे हाड मोडले. हाड जुळले. डॉक्टरांनी सांगितले की हात वर जाईल, स्वयंपाक होईल, पण ओढणे-ढकलणे जपून. ती जपली नाही. पौष संपता संपता पुन्हा जीप घेऊन निघाली.

माघ पुनवेला कचारगडची यात्रा असते. त्या दिवसांत सालेकशाचा रस्ता जीपगाड्या, मोटारसायकली आणि पायी माणसांनी भरून जातो. रुख्मिणीला त्या बाजूच्या एका गावातून तांदूळ आणायचा होता. दरेकशाच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या परत वळवायला सांगितल्या. आता गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो, म्हणजे तेवढा वेळ स्टिअरिंग एकट्या उजव्या हातावर. तो हात अर्ध्या वळणात सुटला. जीप रस्त्यात आडवी राहिली. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी कुठल्या तरी अनोळखी माणसाने तिला बाजूला सरकायला सांगितले, जीप वळवून दिली आणि रस्त्याकडेला लावली.

"कोनी हासलं नाही, मावशी," तिने मला सांगितले. "हासले असते तं बरं झालं असतं. सारे म्हने, राहू द्या, राहू द्या ताई."

घरी बैठक झाली. जीप काढायची आणि नवी गाडी घ्यायची, यावर सगळे एकमत. गाडी चालवणार धर्मेंद्र, म्हणजे रुख्मिणीचा धाकटा दीर, यावरही बहुतेक एकमत. धर्मेंद्र मुलगा चांगला आहे. कष्टाळू आहे, भावजयीला मान देतो. पण गावोगावी तांदूळ घ्यायला तो दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा ओसरीवर चढलाच नव्हता. गाडीतच बसून फोनवर बोट फिरवत त्याने हाक मारली होती, "तोलून ठेवा ना काकी, जल्दी." बायांनी तोलले नाही. घरात तांदूळच नाही म्हणून सांगितले. तो रिकामा परत आला.

तो चालवणार म्हणजे ती त्याच्या वेळेने जाणार, त्याच्या वेळेने उठणार. बसल्या बसल्या धंदा त्याच्याकडे जाईल आणि आपण घरी तांदूळ निवडत राहू, हे रुख्मिणीला दिसत होते. तिने बैठकीत एकच विचारले.

"मले चालवता येईन अशी गाडी भेटली तं?"

मामाजींनी थोडा वेळ पानच चघळले. मग म्हणाले, "आपल्या गल्लीत आनून लावून दाखव. लावली, तं चालव. नाही लागली, तं धर्मेंद्र."

दवनीवाड्याची ती गल्ली मी पाहिली आहे. एका बाजूला बिसेनांचे धानाचे कोठार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा गोठा, आणि टोकाला आवाराचे फाटक, तेही तिरपे. जीपसुद्धा तिथे एकदा मागे घेतल्याशिवाय आत जात नसे.

पहिली गाडी पांढरी होती. दिसायला तिन्हींत देखणी, कुठे कोपरा नाही, सगळे गोल आणि घासून काढल्यासारखे. मागच्या सीटवर मी सहज चढले, गुडघ्यांना जागा होती, पण खिडकीची कड इतकी वर की बाहेरचे दिसायला मला मान उंच करावी लागे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पाठ ताठ ठेवून बसवत, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. तरी शेते दिसली नाहीत, फक्त झाडांचे शेंडे.

रुख्मिणी पुढे बसून मान लांब करून काचेतून बघत होती. मग म्हणाली, "हिचं नाक कुठी हाय?"

शोरूमच्या माणसाने डिझाइनबद्दल काही सांगितले. बॉनेट पुढे उतरते आहे म्हणून हवा कापली जाते वगैरे.

"हवा कापते, ते ठीक. मले कोपरा दिसत नाही. गोठ्यात बैल बांधला असन तं मी कापीन त्याले."

समोरच्या काचेच्या कडेचा खांबही तिला आवडला नाही. तो इतका जाड की वळणावर एक अख्खा सायकलवाला त्याच्यामागे गडप झाला आणि दुसऱ्या बाजूने निघाला. स्टिअरिंग मात्र हलके होते. तिने माझ्याकडे आरशातून बघून डोळे मोठे केले, इतके हलके. मला वाटले, झाले काम.

मग तिने गाडी मुख्य रस्त्यावरून कालव्याच्या कच्च्या वाटेवर घेतली. त्या माणसाला ते पसंत नव्हते, पण तिने विचारलेच नाही. वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना इंजिन आचके देऊ लागले. तिने जरा पाय दाबला तर काही झाले नाही, आणखी दाबला तर गाडी एकदम उसळली आणि माझी पर्स सीटखाली गेली.

"झोपते आनं मंग दचकून उठते," ती म्हणाली. "भरल्या गाडीत, चिखलात, असं चालत नाही जी. डिझेल गाडीनं खालूनच ओढलं पाहिजे."

परत आल्यावर तिने मागचे दार उघडून सामानाच्या जागेची कड छातीला लावून बघितली. पोते एवढे वर उचलायचे म्हणजे पुन्हा खांदा. पांढरी गेली.

दुसरी काळी. ही धर्मेंद्रची निवड. त्याने फोनवर तिचे सगळे व्हिडिओ पाहून ठेवले होते आणि बालाघाट रोडच्या शोरूममध्ये तिच्यापुढे उभा राहून फोटोही काढून घेतला. मामाजीही आले होते. गाडी उंच, चौकोनी, पुढे दात विचकल्यासारखी जाळी.

"रोडवर समोरचा आपोआप साइड देते, बाबूजी," धर्मेंद्र म्हणाला.

"आनं हे छपराले भोक कायले?"

"सनरूफ हाय ना ते. उघडते."

"आपल्या कोठारालेही हाय. बरसातीत उघडंच राहते."

काळ्या गाडीत मला चढता आले नाही. शोरूमवाल्यांनी स्टूल आणले. आत बसल्यावर खिडकीतून सगळे गोंदिया दिसत होते, पण खड्डा आला की मी इकडून तिकडे जात होते. माझ्या नोंदीत लिहिले आहे, "नावेत बसल्यासारखे."

रुख्मिणीला मात्र तिचे इंजिन फार आवडले. त्याच कालव्याच्या वाटेवर तिने पाय उचलून घेतला तरी गाडी आपली आपण चालत राहिली, रस्त्याच्या खोबणीतून वर आली आणि तक्रारीचा आवाजही केला नाही. बॉनेटचे दोन्ही कोपरे सीटवरून सरळ दिसत होते. "मोठी हाय, पन कुठी संपते ते समजते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते धर्मेंद्रनेही बघितले आणि तो खूश झाला.

शोरूमच्या आवारात गाडी परत लावायची होती. तिने एकदा मागे घेतली, एकदा पुढे. या गाडीला वळायला जीपपेक्षा जास्त जागा लागत होती, आणि उभ्या जागी चाक वळवताना हात भरून येत होता. तिसऱ्यांदा मागे घेताना ती मधेच थांबली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, उजवा हात मांडीवर. धर्मेंद्र हळूच दाराशी आला.

"भाभी, मी घेतो ना."

ती उतरली. मामाजी आवारापलीकडे रस्त्याकडे बघत होते.

याच शोरूममध्ये तिसरी, विटकरी रंगाची, काळीहून लहान एक गाडी विकायला होती. पण ती त्या दिवशी आमगावला दाखवायला नेलेली होती. रुख्मिणीने दुसऱ्या दिवशी फोन केला. तिथे एक नवी मुलगी कामाला लागली होती, मूळची सासवडची. नवरा रेल्वेत, म्हणून लग्नानंतर गोंदियात आलेली. रुख्मिणी मला सांगत होती ते असे:

"म्या इचारलं, स्टिअरिंग कसं हाय? तं म्हने, स्टिअरिंग एकदम भारी हाय मॅडम. म्या म्हटलं, उभ्या गाडीत? तं म्हने, उभ्या गाडीत तर फारच भारी. म्या म्हटलं, आनं पोते भरले असन तं? म्हने, तरी भारीच राहते, काही फरक नाही पडत."

"निदान खरे बोलली," मी म्हणाले.

"हो ना. पोरगी इमानदार हाय. उगीच आमगावले जाऊन पाहाचा त्रास वाचला."

मी ते तसेच डायरीत लिहिले: तिसऱ्या गाडीचे स्टिअरिंग भारी, न बघता नापसंत. बिसेनांच्या घरात पोवारी बोलतात, बाहेर हिंदी, माझ्याशी मराठी. तिन्हींत भारी म्हणजे वजनदार. मी नागपुरात वाढले, माझ्याही मनात दुसरा अर्थ आला नाही.

मग काळी नक्की झाली. इंजिन चांगले आहे, धर्मेंद्रला चालवता येते, गल्लीत लागली नाही तर बाहेर लावू. रुख्मिणी नाही म्हणाली नाही. तिने माझ्याकडे तांदूळ आणला त्या दिवशी, धर्मेंद्रच्या मोटारसायकलवर मागे बसून, तेव्हा तिने फक्त एवढे विचारले की काळ्या गाडीला बाजूने पायरी बसवायची तर किती उंचीवर. शकुंतलाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, चढू शकल्या पाहिजेत. पुन्हा माझ्या गुडघ्यांची गरज होती. म्हणून गाडी बुक करायच्या दिवशी मीही गेले.

मामाजी, धर्मेंद्र, रुख्मिणी आणि मी. धर्मेंद्र टेबलापाशी बसला. शोरूमची ती सासवडची मुलगी चहा घेऊन आली. रुख्मिणीने आकाशी सुती साडी नेसली होती, रोजच्या वापरातली, धुऊन धुऊन मऊ झालेली.

"मॅडम, तुमची साडी काय भारी आहे हो!" मुलगी म्हणाली.

रुख्मिणीने पदराकडे बघितले. पदर बोटांत धरून उचलून बघितला.

"भारी? सुती हाय जी. हलकी हाय."

"नाही हो, हलकी कशी? मस्त आहे. रंग इतका भारी आहे ना!"

"रंग भारी हाय?" मामाजी म्हणाले. "रंगाले वजन राहते का पुन्याकडं?"

धर्मेंद्र हसला. मुलगीही हसली, तिला काय विनोद झाला ते कळले नव्हते. रुख्मिणी हसली नाही. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"पोरी, त्या दिवशी फोनवर तूच होती ना? स्टिअरिंग भारी हाय म्हटलं होतं तू."

"हो, मीच. आहेच भारी."

"भारी म्हंजे कसं?"

"म्हणजे छान. मस्त. एकदम..." मुलीने हवेत एक बोट गोल फिरवले. "असं फिरतं. एका बोटानं."

मग मामाजींनी काठी जमिनीवर आपटली. "अरे बाप्पा! आनं आमी दुसरीचा सौदा करून राहिलो!"

"बाबूजी, बुकिंग होऊन राहिली ना आता," धर्मेंद्र म्हणाला.

"होऊन राहिली, झाली नाही. बस थोडा."

"लाल गाडी हाय का आज?" रुख्मिणीने विचारले. "आमगावले तं नाही गेली?"

गाडी मागच्या शेडमध्ये होती, धुळीने भरलेली. रुख्मिणी चढली, दार लावले आणि समोर बघत बसली. मी मागे बसले. स्टूल लागले नाही. डावा पाय, मग बूड, मग उजवा पाय, बस. सीट जरा कडक, गुडघ्यांना जागा बेताची, पण खिडकी खाली होती आणि रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे दिसत होते. डोक्यावर एसीची हवा येण्याची जाळी नव्हती. उन्हाळ्यात शकुंतलाबाई बोलणार, हे मी तेव्हाच सांगितले.

रुख्मिणीने गाडी सुरू न करता आधी चाक वळवून बघितले. "जड हाय," ती म्हणाली. तिने हात चाकावरून खाली घेतला.

"मॅडम, आधी सुरू तर करा," मुलगी पुढच्या डाव्या सीटवरून म्हणाली. "बंद गाडीत सगळ्याच जड."

सुरू केल्यावर तिने उजव्या हाताने, एकट्या उजव्या हाताने, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. मग परत आणले. पुन्हा नेले. मुलगी बोलायला लागली तर तिने डावा हात वर करून थांबवले.

कालव्याची वाट ठरलेलीच होती. इंजिन काळीइतके ताकदीचे नाही, हे लगेच कळले. चढावर तिला गिअर उतरवावा लागला. पण हळू चालताना आचके नव्हते. दुसऱ्या गिअरमध्ये बैलाच्या चालीने गाडी चाकोरीतून गेली. आवाज बराच होता. मला पुढचे बोलणे ऐकायला वाकावे लागे. बॉनेटचा डावा कोपरा दिसत होता, उजवा अर्धा. क्लच पाय उचलताच नाही, बराच वर आल्यावर धरत होता, आणि ती दोनदा चुकली. परत येताना भरधाव ट्रक बाजूने गेला तेव्हा गाडी थोडी हलली, पण तिने ती एका हातानेच सरळ ठेवली.

शेडमध्ये परतल्यावर तिने मागचे दार उघडले. दार वर उघडत होते, आणि सामानाची कड तिच्या मांडीपर्यंत. तिने तिथे बसून पाय हलवले.

"पोतं टेकवून ढकलता येते," ती म्हणाली. "दिसायले काही खास नाही. पाठीकडून तं अंबाडा बांधल्यावानी दिसते. आवाज करते. चढावर दमते." आणि मग सासऱ्यांकडे बघून, "मामाजी, गल्लीत नेऊन पाहू का?"

मुलीने आत जाऊन साहेबांना विचारले. दवनीवाडा त्यांच्या चाचणीच्या रस्त्यात बसत नव्हते, पण मामाजींनी "गाडी लागली तं आजच घेतो" म्हटल्यावर बसले.

रुख्मिणी चालवत होती, मुलगी तिच्या शेजारी, मागे आम्ही तिघे. धर्मेंद्र मधे, गुडघे जवळ घेऊन बसलेला. गावाजवळ आल्यावर एकदाच म्हणाला, "भाभी, सनरूफ नाही हिले."

"नाही."

"काही नाही, सांगून राहिलो."

गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली आणि मामाजींना खाली उतरायला सांगितले. "तुमी फाटकापाशी उभे राहा. नाहीतर म्हनान, आतून दिसलं नाही."

मामाजी उतरले, धर्मेंद्रही. मी बसून राहिले, कारण उतरायला मला वेळ लागतो आणि तिला थांबायचे नव्हते.

ती कोठाराच्या भिंतीला धरून पुढे गेली. गोठ्यात खरेच बैल बांधला होता, त्याने मान वर केली. तिरप्या फाटकाशी तिने चाक वळवले, एका हाताने, दुसरा गिअरवर. पुढचा कोपरा फाटकाच्या खांबाजवळ आला. अर्धाच दिसणारा तो उजवा कोपरा. ती थांबली. मला आरशात तिचे ओठ आवळलेले दिसले. तिने गाडी मागे घेतली, चाक पुन्हा पूर्ण वळवले, उभ्या जागीच, आणि हात कुठे थांबला नाही. मग गाडी आत गेली. धानाची कणगी जिथे ठेवतात तिथे तिने ती सरळ लावली आणि इंजिन बंद केले. शकुंतलाबाई ओसरीवरून बघत होत्या.

मामाजी फाटकातून आत आले. गाडीच्या आणि खांबाच्या मधल्या जागेत त्यांनी काठी घालून बघितली.

"एकदा मांगं घ्या लागली," ते म्हणाले.

"हो जी."

"जीपलेही लागे." मग त्यांनी पुढचे डावे दार उघडले. मुलगी अजून तिथे बसलेली. "उतर मा, पुनेवाली. चाय पी घरात. मले बसू दे. सूनबाई, कामठ्यापर्यंत चाल. तिकडच्या नातेवाइकाले दाखवून येऊ."

"पैसे भरायचे हाय ना बाबूजी आधी," धर्मेंद्र म्हणाला.

"तू भर. तू मोकळा हायेस आता."

विटकरी गाडी घरी आली त्याला आता दोन पावसाळे होत आले. रुख्मिणी सालेकशाला जाते, देवरीला जाते, ओसरीवर हवा तेवढा वेळ बसते. धर्मेंद्र धान भरडायची गिरणी बघतो आणि कधीमधी तिच्याकडून गाडी मागून नेतो. मागच्या सीटच्या गरमीबद्दल शकुंतलाबाई बोलल्याच. क्लच अजून तिला पसंत नाही. उजव्या कोपऱ्यावर एक ओरखडा आहे, तो कसा पडला हे ती सांगत नाही.

गाडी घेतल्यावर थोड्या दिवसांनी शोरूममधून फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच तांदूळ मोजून देत होती. हात भरलेले, म्हणून फोनचा स्पीकर लावला. तीच मुलगी.

"मॅडम, गाडी कशी आहे? काही तक्रार?"

"एकदम हलकी हाय तुमची गाडी," रुख्मिणी खुशीत म्हणाली. "स्टिअरिंग तं अजूनच हलकं."

पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"हलकी? मॅडम, काय झालं? काही तुटलं का? मी आजच माणूस पाठवते, तुम्ही प्लीज कुठे तक्रार करू नका!"

रुख्मिणीने माप खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितले. मी काही सांगणार एवढ्यात तिने हात वर करून मला थांबवले.

"कोनाले पाठवू नको, पोरी," ती फोनजवळ वाकून म्हणाली. "भारी हाय. तुझ्यावालं भारी."